कुत्र्यानं झोपायचं कुठं?

वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. दत्त संप्रदायात त्यांना दत्तावतार मानतात, त्यामुळे या गावात आणि भोवतालच्या तालुक्यांत दत्ताची तसबीर नसलेली घरं कमीच असतील. ती तसबीर सगळ्यांच्या ओळखीची आहे. तीन मुखं, सहा हात, मागं गाय आणि पायाशी चार कुत्री. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रविवर्म्यांच्या छापखान्यातून देवादिकांची रंगीत चित्रं निघू लागली आणि असली रूपं घरोघरच्या भिंतींवर पोचली. चार कुत्री म्हणजे चार वेद, असं कीर्तनकार सांगत आले आहेत. कुत्र्याच्या जगण्याचा इतिहास शोधणाऱ्याला मात्र त्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसते. बहुतेक तसबिरींत कुत्र्यांच्या गळ्यात साखळी नसते, त्यांच्याभोवती कुंपण नसतं. ती देवाच्या अगदी जवळ असतात, पण देवाच्या आसनावर मात्र नसतात.

वऱ्हाडातल्या कुत्र्याची जागा शतकानुशतकं हीच होती. माणसाच्या जवळ, पण उंबरठ्याच्या बाहेर. आणि उठून हवं तिकडं जाता येईल अशी.

आता वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या गावांच्या नव्या लेआउटमध्ये, सिमेंटच्या घरांतून, तारेचा घडीचा पिंजरा येऊ लागला आहे. त्याला सगळे क्रेटच म्हणतात. लॅब्रेडोर किंवा पॉमेरियनसाठी तो मागवला जातो, तसा रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी पिल्लासाठीही. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असेल तर ते लवकर रुळतं. खरा प्रश्न सहा-सात महिन्यांच्या पिल्लाचा असतो. त्यानं अंगण पाहिलेलं असतं, रात्री गेटजवळ भुंकलेलं असतं, आपली झोपायची जागा आपण निवडलेली असते. अशा पिल्लाला पहिल्याच रात्री आत घालून कडी लावली की ते पहाटेपर्यंत रडतं आणि घरच्यांना वाटतं, हे हट्टी आहे. हट्ट त्यात फारसा नसतो. आजवर त्याची जात कुठं आणि कशी झोपत आली, हे पाहिलं तर त्याच्या रडण्याचा अर्थ लागतो.

महाराष्ट्रात माणूस आणि कुत्रा यांची सोबत किती जुनी, याचा पुरावा जमिनीखालून निघाला आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडीसारखा एक रथ. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. दोन बैल जुंपलेले, त्यात उभा असलेला माणूस, आणि पुढच्या दांड्यावर एक कुत्रा. मूर्तिकारानं त्याला माणूस आणि बैल यांच्या मधोमध उभं केलं आहे. आजही वऱ्हाडात बैलगाडी वावराकडे निघाली की घरचं कुत्रं गाडीच्या सावलीत, नाही तर बैलांच्या मागंपुढं चालत असतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत गाय, शेळी, मेंढी यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडं मिळाली. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखातल्या शेतकऱ्याच्या घराभोवती कुत्रं होतं. मातीच्या त्या गोल-चौकोनी झोपड्यांत ते आत झोपत होतं की बाहेर, हे हाडं सांगत नाहीत.

पुढच्या काळात धर्मशास्त्रानं जागा ठरवून दिली. वैश्वदेव झाला की गृहस्थानं कावळ्यासाठी, कुत्र्यासाठी, किड्यामुंग्यांसाठी अन्नाचे बळी काढायचे. मात्र कुत्र्याचा घास घराबाहेर, जमिनीवर ठेवायचा. अन्नावर त्याचा हक्क मानला, घरात मानला नाही. सोवळ्याच्या घरात कुत्रं शिरलं तर सारवण नव्यानं करावं लागे. संतांनी ही रेघ पुसायचा प्रयत्न केला. वाशिमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही कथा या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. कोरडी भाकरी त्याला लागू नये म्हणून.

या रेघेची दुसरी बाजूही इथंच सांगितली पाहिजे. कुत्रं ओसरीवर बसू शके, पाणवठ्यावर तोंड लावू शके. पण त्याच गावात काही माणसांना तेवढीही मुभा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं, तेव्हा हाच सवाल ऐरणीवर होता. जनावराला जे चालतं ते माणसाला का नाही? कुत्र्याच्या जागेचा इतिहास लिहिताना हे टाळून पुढं जाता येत नाही.

वऱ्हाडी घराची रचना पाहिली की कुत्र्याच्या झोपेचा नकाशा तयार होतो. मोठ्या वाड्याला ढाळज, साध्या घराला ओसरी किंवा सपरी, बाजूला गुरांचा कोठा, मागं उकिरडा, अंगणात कडब्याची गंजी. हिवाळ्यात कुत्रं कुटाराच्या ढिगात खड्डा करून अंगाचं वेटोळं घालतं, नाही तर विझलेल्या चुलीच्या राखेत. पावसाळ्यात कोठ्यात गुरांच्या उबेला, उन्हाळ्यात रांजणाखालच्या ओल्या मातीत. एका कुत्र्याच्या वर्षभरात अशा चार-पाच जागा असतात आणि त्या त्यानं स्वतः ठरवलेल्या असतात. मालक फार तर जुनं बारदान टाकतो.

आणि झोपेची वेळ? ती दुपारची. रात्र ही कामाची वेळ. खरीप हाती येऊ लागला की शेतकरी जागलीला जातो, मचाणावर बसतो. खाली कुत्रं असतं. पूर्वी ज्वारीचं कणीस राखायचं होतं, आता सोयाबीन, तूर आणि हरभरा राखायचा असतो. रोही, रानडुकरं, हरणं यांचा त्रास या जिल्ह्याला चांगलाच माहीत आहे. कारंजा तालुक्यात सोहोळला काळविटांचं अभयारण्यच आहे. काळोखात पाचोळा वाजला की आधी कुत्र्याचे कान उभे राहतात, मग त्याचा आवाज, मग माणसाची हाळी. रात्रीच्या प्रत्येक आवाजाला उत्तर देणं हा या कुत्र्याचा दोष नव्हता. त्यासाठीच त्याला भाकरी मिळत होती.

हे राखणीचं काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर कुणी करून घेतलं असेल तर ते बंजाऱ्यांनी. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, देशभरच्या बंजारा समाजाचं तीर्थ. तिथं उभारलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. रेल्वे येण्याआधी या देशात धान्य, मीठ, कापूस हलवण्याचं काम लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्याच, तांड्यांनी केलं. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात जो तांडा भेटला त्यात १४,००० बैल होते. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मराठ्यांविरुद्ध दख्खनेत आणि वऱ्हाडात लढला. असई, मग आजच्या अकोला जिल्ह्यातलं आडगाव, मग गाविलगड. या सगळ्या मोहिमेत त्याच्या फौजेचं पोट मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होतं.

तांडा रोज नव्या जागी मुक्काम करी. गोण्या उतरवून रचायच्या, बैल बांधायचे, बायकापोरांनी मधे झोपायचं आणि बाहेरच्या कडेला कुत्री. वाघ, लांडगा आणि दरोडेखोर या तिघांशी पहिली गाठ त्यांची पडे. पातळ कमरेची, लांब पायांची, वेगानं धावणारी शिकारी कुत्री दख्खनेत सर्वत्र आहेत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांची जोपासना केली, म्हणून ती मुधोळ हाउंड झाली आणि २००५ साली टपाल तिकिटावर आली. गावोगावचे लोक त्यांना कारवान म्हणत आले, ते तांड्यांच्या आठवणीनं.

बंजाऱ्याची आणि त्याच्या कुत्र्याची एक कथा मध्य भारतभर सांगतात. पैशाची नड पडली म्हणून बंजाऱ्यानं आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्यानं चोरांचा माग काढून सगळा माल मिळवून दिला. खूश झालेल्या सावकारानं कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडलं. मालकानं लांबून कुत्रा येताना पाहिला. गहाणाचा शब्द मोडून पळून आला असं समजून त्यानं रागाच्या भरात त्याला मारलं, आणि मग चिठ्ठी वाचली. छत्तीसगडमधल्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी या कुत्र्याचं म्हणून दाखवलं जाणारं कुकुरदेव मंदिर आहे. कथा खरी असो वा नसो, तिचा कणा लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या कुत्र्याला आयुष्यभर मोकळं ठेवलं, त्याला एका जागी थांबायला सांगितलं आणि तो थांबला, कारण शब्द मालकाचा होता.

मेंढपाळ धनगरांचीही रीत अशीच. रात्री मेंढरं वाघुरीच्या जाळ्यात कोंडली जातात, कोकरं वेगळी; कुत्री मात्र जाळ्याच्या बाहेर. कोंडायचं ते ज्याचं रक्षण करायचं त्याला. राखणदाराला कोंडलं तर राखण कोण करणार? पिंजरा आणि कुत्रा यांची जोडी मराठी मुलखात का जुळली नाही, याचं उत्तर या एका चालीत आहे.

धनगरांचा देव खंडोबा, आणि खंडोबाबरोबर कुत्रा आलाच. त्याच्या टाकांवर घोड्याच्या पायाशी कुत्रा कोरलेला असतो. देवाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला खंडोबाची कुत्री म्हणवतात. कोटंब्यात भिक्षा घेणं, देवापुढं कुत्र्यासारखं भुंकणं हे त्यांच्या आचाराचे भाग होते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी पुण्याला राहून हे सगळं बारकाईनं नोंदवलं. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि भाकरी-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्यातला वाटा कुत्र्याला घालायची चाल कितीतरी घरांत आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची जत्रा भरते (वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव निराळं). मार्गशीर्षात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला. घोड्या-गाढवांचा तिथला बाजार प्रसिद्ध आहे. शासकीय पशुप्रदर्शनात घोड्यांबरोबर कुत्र्यांचाही क्रमांक निघतो. तिथं आलेली शिकारी कुत्री मालकाच्या राहुटीच्या तोंडाशी बसलेली असतात.

उंबरठा ओलांडून थेट मखरात बसलेला एक कुत्रा मराठ्यांच्या इतिहासात आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुढं नेणं बरं नाही. सातारचे छत्रपती शाहू यांचा लाडका कुत्रा खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. त्याबद्दल त्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली आणि पालखीचा मान मिळाला, असं ग्रँट डफनं मराठ्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवलं आहे. सरदारांच्या भेटीच्या वेळी शाहूंनी याच कुत्र्याला जरीचं वस्त्र आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, हाही प्रसंग त्यानं दिला आहे. १७४९ च्या डिसेंबरात शाहू गेले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्यांची समाधी आहे आणि तिथंच जवळ कुत्र्याची दगडी मूर्तीही दाखवतात. पालखी म्हणजे चौकटीत बंद जागा, तरी उघड्या बाजूंची. तिच्यात बसणारा कुत्रा मानानं बसला होता, आणि हवं तेव्हा उडी मारून उतरू शकत होता.

कुत्र्याला कोंडायची कल्पना इथं आली ती कंपनी सरकारच्या शहरांतून. मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक मुदतीत बेवारशी कुत्री मारायचा नियम १८१३ पासून होता आणि दर कुत्र्यामागं शिपायाला आठ आणे मिळत. १८३२ साली मुदत वाढवली गेली. पैशाच्या आशेनं शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान फार वरचं. मृत्यूनंतरच्या विधीतही त्याची नजर लागते. त्या दिवशी फोर्टात शिपायांना मार पडला, दुसऱ्या दिवशी पारशांसह हिंदू, जैन, मुसलमान व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली आणि कुलाब्याच्या गोऱ्या फौजेची रसद अडली. सरकारला लष्कर बोलवावं लागलं. या दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईची पांजरपोळ काढली. तिच्या स्थापनेमागं मारल्या जाणाऱ्या या कुत्र्यांना आसरा देण्याचाच हेतू होता. पुढं १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावे जनावरांचा दवाखाना उभा राहिला. जाळीच्या खोलीत रांगेनं ठेवलेली कुत्री मराठी माणसानं प्रथम पाहिली ती बहुधा अशाच ठिकाणी. ती कोंडलेली होती, पण जगण्यासाठी.

दुसरी कोठडी रेल्वेनं आणली. साहेबांची कुत्री त्यांच्याबरोबर कॅन्टोन्मेंटमधून कॅन्टोन्मेंटला जात आणि गार्डाच्या डब्यात त्यांच्यासाठी पेटीसारखा कप्पा असे. १८६७ साली मुंबईहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत गाडी धावू लागली, म्हणजे वऱ्हाडातल्या स्टेशनांवरही ही पेटी पोचली. ती आजही आहे. पहिल्या वर्गाची वातानुकूलित कूपे राखून घेतली नसेल तर कुत्र्याची नोंद पार्सल ऑफिसात करून त्याला गार्डाच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्येच न्यावं लागतं. अंधार, लोखंड, चाकांचा खडखडाट, मालकाचा वास नाही. कुत्र्याच्या मनात बंद पेटीची भीती बसवायला याहून सोपी रीत नाही. ज्याला आपल्या कुत्र्यासह असा प्रवास कधी करावा लागणार आहे, त्यानं आधी घरीच क्रेटची सवय लावावी हे सांगायला याहून मोठं कारणही नाही.

पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांना मात्र बंद खोलीत निवांत झोपायचं रीतसर शिक्षण मिळतं. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रेडोर जंजीर पुण्यात शिकला होता. १९९३ च्या स्फोटांच्या तपासात त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून काढलं. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामानं निरोप दिला. दिवसभर असं काम करणाऱ्या कुत्र्याला ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी गाढ झोप लागणं ही गरज असते. गावच्या राखणदारापेक्षा त्याचं घड्याळ उलटं. रात्री त्यानं झोपायचं आणि दिवसा जागायचं. घरातल्या आजच्या कुत्र्याकडून आपण हेच मागतो आहोत.

घरात, माणसाच्या खोलीत क्रेट ठेवून पिल्लाला त्यात झोपवायची पद्धत अमेरिकेत गेल्या अर्धशतकात रुजली. तिच्या मुळाशी प्रदर्शनांची कुत्री ने-आण करण्याच्या पेट्या आणि विमानप्रवासाचे नियम होते. पेटीत कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता, बसता, वळता आणि पाय पसरून पडता आलं पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेचा निकष. घरच्या क्रेटचं मापही आज त्यावरूनच ठरवतात. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले ख्रिस्ती साधू जर्मन शेफर्ड पाळत. त्यांनी १९७८ साली लिहिलेलं पुस्तक खूप वाचलं गेलं. रात्री कुत्र्याला माणसाच्या खोलीत झोपू द्या, हा त्यांचा आग्रह होता. याच्या उलट स्वीडन आणि फिनलंड या देशांत प्रवास किंवा प्रदर्शनासारखी कारणं सोडून कुत्र्याला घरात पिंजऱ्यात कोंडून ठेवणं कायद्याला मान्य नाही. एकाच वस्तूबद्दल प्रगत समाज इतके वेगळे वागतात, त्यामुळे क्रेट म्हणजे शास्त्रीय सत्य असं कुणी सांगू लागलं तर थांबून विचार करावा.

क्रेटच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी केला जातो: कुत्रा हा बिळात राहणारा प्राणी, त्याला बंद जागा आवडतेच. हे अर्धंच खरं आहे. लांडगीण आणि कुत्री बीळ किंवा आडोसा वापरतात तो पिल्लं लहान असताना. पिल्लं चालू-धावू लागली की बीळ सुटतं आणि मोठी जनावरं उघड्यावर झोपतात. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दिसलं की विणारी कुत्री आडोशासाठी माणसाच्या वस्तीजवळची जागा पसंत करतात. जिन्याखाली, बांधकामाच्या विटांमागं, घराच्या वळचणीला. वाशिमच्या कुठल्याही गल्लीत हिवाळ्यात हे पाहायला मिळतं.

म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला आडोशाची आठवण ताजी असते. सात महिन्यांच्या पिल्लाची ती ओसरलेली असते. त्याला क्रेट ‘आठवत’ नाही, शिकवावाच लागतो.

आणि शिकवताना हा सगळा इतिहास उपयोगी पडतो. मोठ्या पिल्लाला रात्री नव्हे, दुपारी सुरुवात करून द्यावी, कारण त्याच्या पूर्वजांची झोप दुपारची होती. सकाळी भरपूर फिरवून, पळवून, शी-शू करवून आणलेलं पिल्लू जेवल्यावर आपोआप पेंगतं. क्रेट अशा जागी ठेवावा जिथं ते आधीपासून पडून राहत होतं, जिथून घरातली माणसं दिसतात. दार पहिले काही दिवस लावायचंच नाही. दोरीनं मागं बांधून टाकावं, म्हणजे वाऱ्यानं आदळून ते घाबरणार नाही. आत नवी गादी घालण्यापेक्षा त्याचं जुनं बारदान किंवा सतरंजी घालावी, त्याला स्वतःचा वास असतो. भाकरीचं ताट आधी दाराशी, मग उंबऱ्याच्या आत, मग अगदी मागच्या कडेला. आत ढकलायचं नाही, ओढायचं नाही. आपल्या पायानं आत गेलेलं पिल्लू आणि उचलून कोंबलेलं पिल्लू या दोघांना तोच क्रेट वेगळा वाटतो.

ते आत जाऊन आपणहून आडवं होऊ लागलं की मग दाराचा विषय. जेवत असताना दार लोटायचं आणि ताट संपायच्या आत उघडायचं. मग संपल्यावर थोडा वेळ. मग माणूस शेजारी बसून, मग खोलीतून एक फेरी मारून. वेळ वाढवायची ती मिनिटांनी. एखाद्या पिल्लाला हे आठवड्यात जमतं, एखाद्याला महिना लागतो. ज्याला पूर्वी कुणी डांबून ठेवलं होतं त्याला त्याहून जास्त. मधेच शिक्षा म्हणून क्रेटमध्ये घातलं की तोवरचं सगळं काम वाया जातं.

रात्रीची पाळी यानंतर. पहिल्या रात्री क्रेट माणसाच्या खाटेजवळच असू द्यावा. तांड्यातला कुत्रा बाहेरच्या कडेला असला तरी त्याला माणसांचा श्वास ऐकू येत होता. या पिल्लालाही तेवढं हवं असतं. पुढं हळूहळू क्रेट हवा तिथं सरकवता येतो. रस्त्याकडची खिडकी किंवा गेट यांच्याजवळ मात्र नको, नाही तर दर मोटारसायकलीला उत्तर दिलं जाणार, कारण जागल त्याच्या रक्तात आहे. मोठ्या पिल्लाची इथं एक जमेची बाजू असते. महिन्यांत जेवढं वय, त्याहून साधारण एक तास जास्त लघवी धरता येते, असा ढोबळ हिशेब सांगतात. तेव्हा सहा-सात महिन्यांचं निरोगी पिल्लू झोपायच्या आधी बाहेर नेऊन आणलं तर पहाटेपर्यंत राहू शकतं. दिवसा मात्र सलग तीन-चार तासांच्या वर कोंडू नये. गळपट्टा काढून ठेवावा, तो तारेत अडकून फास बसू शकतो.

थोडी कुरकुर, एखादं भुंकणं हे चालायचंच. पण लाळ गळणं, तारा चावून हिरड्यांतून रक्त येणं, नखं तुटेपर्यंत उकरणं ही भीतीची लक्षणं आहेत. तिथं दार उघडावं आणि दोन पायऱ्या मागं यावं. तरीही फरक पडत नसेल तर पशुवैद्याला दाखवावं. वाशिमकरांना अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था फार लांब नाही.

शेवटी ऊन. परदेशी पुस्तकांत हे प्रकरण फारसं सापडणार नाही, कारण त्यांतली बरीचशी थंड देशांत लिहिलेली आहेत. अकोला-वाशिमकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वीज जाते, कूलर बंद पडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं आणि त्यासाठी त्याला हलती हवा लागते. मेंढरांचा खांडवा उन्हात बसवायचा असला तरी धनगर आधी झाड पाहतो. तेव्हा एप्रिल ते जून टिनाच्या छपराखाली, गच्चीवर किंवा बंद खोलीत क्रेटचं दार लावून कुत्र्याला ठेवू नका, क्रेटवर चादर टाकू नका, आत पाण्याचं जड भांडं ठेवा, आणि त्या दिवसांत दार रात्रीही उघडंच राहू द्या. ओल्या फरशीवर जाऊन पडायचं असेल तर त्याला जाऊ द्या. सवय एकदा लागलेली असेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर ते आपल्या जागी परत येतं.

वाशिमसारख्या गावात, जिथं अंगण आहे, ओसरी आहे, घरात सतत कुणी ना कुणी आहे, तिथं प्रत्येक कुत्र्याला क्रेट लागतोच असं नाही. प्रवास, आजारपण, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, दिवाळीच्या फटाक्यांत लपायला आडोसा, एवढ्यासाठी तो शिकवून ठेवावा. बाकी रात्री दाराशी बारदान टाकलं तरी पुरतं.